नास्तिक मित्रांशी नीतीवर बोलताना श्रद्धा खिशात ठेवायची की टेबलावर?

घोरपडीकर (धागाकर्ता)

देव न मानणाऱ्या मित्रांशी योग्य-अयोग्यावर बोलायची वेळ आली की आपली श्रद्धा कुठे ठेवायची, हा प्रश्न आहे. मी ख्रिस्ती असल्यामुळे त्या बाजूने विचारतोय, पण उत्तर कोणीही द्यावं.

("मूळचे कुठले?" हे येणारच, म्हणून आधीच: आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर, वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात, मी घोरपडीत. घरात मराठीच. नाही, आम्हाला धर्मासाठी कोणी पैसे दिले नव्हते.)

आमचा कॉलेजपासूनचा कट्टा आहे. बहुतेक जण देव न मानणारे. एकदोघे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहेत, बाकीचे नुसतेच आगरकरांचे चाहते. त्यातल्या एकाचे वडील बरेच दिवस आयसीयूत आहेत, सुधारणेची आशा नाही. व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की नाही, यावर मित्र आम्हा सगळ्यांचं मत घेत होता. माझी पाळी आली तेव्हा एक जण म्हणाला, "याला नको विचारू, यांच्यात चालत नाही." मी म्हटलं, आमच्यात काय चालतं ते मला तरी सांगू द्या. त्यावर उत्तर आलं, "सांग की, पण बायबल बाजूला ठेवून सांग."

दुसरीकडे आमच्या मंडळीतले (म्हणजे चर्चमधले) एक ज्येष्ठ आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, अविश्वासी लोकांशी नीतीवर कशाला बोलतोस, मूळच नाही तिथे फळ कुठून येणार.

मला दोन्ही पटत नाही. बायबल बाजूला ठेवून मी बोलू शकतो, पण मग बोलणारा मी नसतो. आणि ज्येष्ठांचं म्हणणं तर पवित्र शास्त्रालाच धरून नाही. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट म्हणतो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही असे परराष्ट्रीयही (म्हणजे यहुदी नसलेले) स्वभावतः त्याप्रमाणे वागतात, ते त्यांच्या हृदयावर लिहिलेलं आहे. मग नास्तिक माणसाला नीती कळत नाही असं ख्रिस्ती माणसानं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तर, तुम्ही कसं करता?

तर्कटपंथी

कट्ट्यावरचा तो मित्र मी नव्हे, पण वाक्य माझंच आहे असं समजा.

"बायबल बाजूला ठेव" यात अपमान नाही. दोघांनी मिळून एखाद्या निर्णयाकडे यायचं असेल तर कारणंही दोघांना तपासता येतील अशीच हवीत. वेदना किती, खर्च किती, पेशंटची इच्छा काय होती, घरच्यांचे काय हाल, हे मी तपासू शकतो. "देवाची इच्छा" मी कुठे तपासू? ज्या न्यायाधीशाचा पत्ता मला माहीत नाही त्याचा निकाल मला बंधनकारक कसा? तू घरी प्रार्थना कर, उपास कर, माझी ना नाही. पण माझ्या बापाच्या व्हेंटिलेटरशी त्याचा संबंध लावू नकोस.

तुमचे ज्येष्ठ मात्र थोरच. मूळ नाही म्हणे. माझ्या आजीनं उभ्या आयुष्यात देवाला हात जोडले नाहीत आणि कुणाचा पैसाही बुडवला नाही.

रानजाई

वाचतेय. चांगला धागा.

आयसीयूतली

तत्त्वज्ञान तुम्ही बघा. मी फक्त कायद्याचं सांगते, कारण या विषयावर अर्धं भांडण चुकीच्या माहितीवर चालतं.

इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे गुन्हाच आहे. पण फायदा होणार नाही असे जीवरक्षक उपचार थांबवणं किंवा सुरूच न करणं याला सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात परवानगी दिली. आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येते. २०१८ च्या पद्धतीत त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. पुढे हॉस्पिटलात डॉक्टरांची दोन मंडळं बघतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं सुचवलेला एक डॉक्टर असतो. शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. आधी लिहून ठेवलेलं नसेल तरी घरच्यांच्या संमतीनं हाच रस्ता आहे.

अनुभवानं सांगते, आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यांवर आस्तिक आणि नास्तिक वेगळे ओळखू येत नाहीत. "सगळं करा डॉक्टर" असं सर्वांत जोरात म्हणणारा मुलगा बहुधा परदेशातून आलेला असतो, मग धर्म कुठलाही असो.

कुपारीण

मी वसईची, नोकरीसाठी पुण्यात. कॅथलिक.

"यांच्यात चालत नाही" हे वाचून हसू आलं. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ ला भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात हेच सांगितलंय: साधारण उपचार घेणं हे कर्तव्य, पण असाधारण उपाय चालू ठेवण्याचं बंधन पेशंटवरही नाही आणि डॉक्टरवरही नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राबद्दलच प्रश्न विचारला होता त्यांना! म्हणजे आपल्या न्यायालयाच्या साठ वर्षं आधी. मारणं नाही, पण मरणाला अडवून धरण्याचा हट्टही नाही, अशी ती भूमिका. आजच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातही तीच आहे.

आता तर्कटपंथी, तुम्हीच सांगा. घोरपडीकरांनी "बायबल बाजूला ठेवून" मत दिलं असतं तर कट्ट्याला हे कधी कळलं असतं?

घोरपडीकर

कुपारीणताई, धन्यवाद. आम्ही प्रोटेस्टंट, पोपचं भाषण आमच्यावर बंधनकारक नाही, पण माझं मत जवळपास तेच आहे. मरण हा शेवट नाही असं मानणाऱ्यानं मरणाला इतकं का घाबरावं, हा माझा साधा प्रश्न. मित्राच्या वडिलांबद्दल इथे अधिक लिहीत नाही, तो त्यांच्या घरचा विषय.

तर्कटपंथी, तपासता येतील अशी कारणं द्यावीत हे मान्य. पण कारण देणं वेगळं आणि ते कुठून आलं हे दडवणं वेगळं. मी म्हटलं, "माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय, म्हणून अंथरुणाला खिळलेला, काही न कळणारा म्हाताराही तितकाच मोलाचा", तर तू पूर्वार्ध सोड आणि उत्तरार्ध तपास. तो टिकतो का बघ. मी मात्र पूर्वार्ध न सांगता उत्तरार्ध तेवढा सरकवला, तर तो मला आडून खेळल्यासारखा वाटतो. उद्या तुला कळेल आणि तू म्हणशील, हा आतून धर्मच रेटत होता. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

तर्कटपंथी

थांबा, थांबा. इतक्यात गळ्यात गळे नकोत. निष्कर्ष जुळला म्हणून सगळं गोड चाललंय. सहिष्णुतेची परीक्षा जुळत नाही तिथे होते.

र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजला हा प्रचार मानवला नाही आणि कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. कर्वे तर्कच देत होते ना? सगळ्यांना तपासता येणारी कारणं? मग?

आणि आजचं सांगा. कट्ट्यावर कोणी समलिंगी मित्र असेल तर त्याला काय सांगता? तेव्हा टेबलावर काय ठेवता?

साळसूद

चर्चा छान आहे पण मुद्द्याचं कोणी बोलत नाही. हे आधी मैत्री, मग नीती, मग हळूच पुस्तक, मग बाप्तिस्मा. झारखंडात जाऊन बघा

तर्कटपंथी

साळसूद, मी नास्तिक आहे आणि माझ्या आसपास वीस वर्षं ख्रिस्ती मित्र आहेत. अजून कोणी माझ्या डोक्यावर पाणी ओतलेलं नाही. वाट बघून कंटाळलो.

संपादक मंडळ

धर्मांतराच्या राजकारणावर वेगळा धागा आहे. इथले त्या विषयावरचे पुढचे प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

शनिवारपेठी

संपादकांची क्षमा मागून थोडं इतिहासात जातो, कारण पुण्यात हा वाद नवा नाही.

१८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनात एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्याची बडी मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं समोर आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. हे सगळं घडवून आणणारे गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, अत्यंत खट्याळ गृहस्थ) यांनी नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. झालं! ग्रामण्य (ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून बहिष्काराचा वाद), शंकराचार्यांपर्यंत तक्रार, चौकशी, प्रायश्चित्त. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं तेव्हा सुधारक मित्रच त्यांच्यावर रागावले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. एका कपापायी दोन वर्षं शहर पेटलेलं.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची, आणि ती या धाग्याच्या जास्त जवळची आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. विधवांना शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही, असा बोलीचा व्यवहार. पण बाई स्वतः प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार लावायच्या नाहीत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'नं झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले.

आता सांगा, उघडं दार म्हणजे दबाव की नुसती मोकळीक? जोतीराव फुल्यांनी रमाबाईंच्या धर्मांतरानंतर १८८५ मध्ये 'सत्सार' लिहून त्यांची बाजू घेतली होती, आणि जोतीराव काही ख्रिस्ती नव्हते. दुसरीकडे रमाबाई स्वतः आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशी पत्रांतून कडाक्याचं भांडत होत्या. केवळ चर्च म्हणतं म्हणून एखादं मत मी मानणार नाही, हा त्यांचा सूर. म्हणजे श्रद्धावान बाईच तर्कटपंथी निघाली.

आणि र. धों.चा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. त्यांची सावत्र आई, बाया कर्वे, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्याच १८९३ सालात त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या. उघड्या दारातून आत जाणारे होते तसे शिकून बाहेर पडणारेही होते.

रानजाई

काका, हे शेवटचं माहीत नव्हतं! वाचनखूण साठवली आहे.

तर्कटपंथी

माझं मत: ज्या मुलीचं जेवणखाण, छप्पर, शिक्षण तुमच्या हातात आहे, तिच्यासमोरचं उघडं दार हे पूर्ण उघडं नसतं. कट्ट्यावर आम्ही बरोबरीचे आहोत, तिथे खुशाल उघडा.

घोरपडीकर

शनिवारपेठी काका, सुरेख. आणि तर्कटपंथीच्या या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. बॉसनं हाताखालच्या माणसाला, डॉक्टरनं पेशंटला, मास्तरनं पोराला नीती आणि धर्म एकाच ताटात वाढू नये. त्यांना "नको" म्हणण्याची सोय नसते. विल्सन कॉलेजचंही तेच. कर्व्यांच्या मताला उत्तर द्यायचं होतं, पगाराला नाही. मी त्याचं समर्थन करणार नाही.

चहावरून आठवलं. पुण्याची बुद्धिमान मंडळी ज्या प्रश्नावर दोन वर्षं अडली, त्यावर पौलानं करिंथच्या मंडळीला पहिल्या शतकात सांगून टाकलं होतं: अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर जे वाढतील ते खा, चौकशा करत बसू नका. (पहिलं पत्र, दहावा अध्याय.) त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, त्यांचा न्याय देव करील, तुम्ही आपल्या आतल्यांकडे बघा. आणि हे लिहिणारा माणूस काही गुळमुळीत नव्हता. आतल्यांवर तो जे कोरडे ओढतो ते वाचवत नाहीत.

आता तुझा प्रश्न. कट्ट्यावर आहे असा मित्र. विवाह स्त्री-पुरुषाचा असतो असं माझी श्रद्धा सांगते. त्यानं मला एकदा विचारलं, मी हेच सांगितलं. न विचारता सांगितलं नव्हतं आणि विचारल्यावर गोलमाल केलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगितलं. माझ्या मते जे योग्य नाही त्यासाठी पोलिसांनी कोणाच्या घरात शिरावं, हे मला कुठल्याच अध्यायात सापडलेलं नाही. तो आणि त्याचा जोडीदार नाताळाला आमच्याकडे जेवायला असतात. करंज्या तो माझ्यापेक्षा जास्त खातो.

त्याला माझं मत दुखतं का? दुखत असणार. मला त्याच्या जागी बसून सांगता येणार नाही. पण "मला काही मतच नाही" असं मी म्हटलं असतं तर त्यानं ते खरं मानलं नसतं, इतका तो मला ओळखतो.

निळी_छत्री

मी आजवर इथे फक्त वाचत होते. मी त्या जेवणाच्या टेबलावर कधीकधी दुसऱ्या बाजूला बसलेली असते, म्हणून लिहिते. घोरपडीकर, तुमचा मित्र येतो कारण तुम्ही बहुधा प्रेमळ आहात. पण प्रत्येक जेवणात माझ्याबद्दल "मत" असलेला यजमान समोर असणं थकवणारं असतं. तुम्ही मत बदला असं म्हणत नाही. फक्त सहन तुम्ही एकटे करत नाही, आम्हीही करत असतो. हिशोबात ते धरा.

घोरपडीकर

धरतो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

कुपारीण

"आतल्यांकडे बघा" हे वाक्य मी बायकांच्या बाजूने वाढवते. आपल्याकडे ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरायचं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये यातला भेदभाव रद्दबातल ठरवला, संसदेनं २००१ मध्ये दुरुस्ती केली. सव्वाशेहून अधिक वर्षं! तेवढ्या काळात आपण बाहेरच्यांना कुटुंबाच्या पावित्र्यावर किती प्रवचनं दिली असतील? मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर, क्रूस उचल" म्हणणारे धर्मगुरू मी पाहिलेत. नावं घेत नाही.

नास्तिक मैत्रिणींनी मला यावर झाडलं तेव्हा मला राग आला नाही. त्यांनी येशूचंच वाक्य माझ्यावर उलटवलं होतं, डोळ्यातलं मुसळ वगैरे. बाहेरच्याकडून शास्त्र ऐकायची तयारी असणं हीसुद्धा सहिष्णुताच, आणि ती आपल्याला जड जाते.

तर्कटपंथी

कुपारीणताईंना सलाम.

पण घोरपडीकर, तुमची ती "बाहेरच्यांचा न्याय करत नाही" ही भूमिका मला फार सोयीची वाटते. मग गर्भपाताचं काय? मी बाहेरचा, माझी बायको बाहेरची. आम्ही ठरवलं तर तुम्ही गप्प बसणार? १९७१ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये काही बाबतींत मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली. तुम्हाला तो कायदा उद्या बदलायची संधी मिळाली तर बदलाल की पौलाचं ऐकाल?

घोरपडीकर

आता नेमक्या जागी बोट ठेवलंस. आधीचे विषय दोन प्रौढ माणसांच्या आपापल्या आयुष्याचे होते, म्हणून पौलाचा आधार चालला. गर्भपातात माझ्या मते तिसरं कोणीतरी तिथे हजर आहे. "बाहेरच्यांचं ते बघतील" असं म्हणून मला सुटता येत नाही, जसं शेजारच्या घरात मूल मार खात असेल तर तुला सुटता येणार नाही. तू म्हणशील तिथे अजून "कोणी" नाही. वाद नेमका तिथेच आहे, आणि तो बायबलच्या वचनानं तुझ्यासाठी सुटणार नाही हे मला कळतं. तिथे मला गर्भाच्या वाढीबद्दल, बाईच्या जिवाच्या धोक्याबद्दल, बलात्कारानंतरच्या गर्भारपणाबद्दल, मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपाताबद्दल तुझ्या भाषेत बोलावं लागेल. यातल्या शेवटच्या गोष्टीवर तू आणि मी एका बाजूला आहोत, बघ.

कायदा पूर्ण बंद करावा असं मला वाटत नाही. १९७१ च्या आधी बायका कुठे आणि कशा मरत होत्या हे आमच्या आजीकडून ऐकलंय, ती सुईण होती. पण मुदत वाढवण्यावर मत विचारलं तर मी विरोधात देईन. तुझ्या घरच्या निर्णयात मी येणार नाही. मत मात्र देईन.

आयसीयूतली

मुदतीबद्दल एक दुरुस्ती. २४ आठवडे सरसकट नाहीत. वीसपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस दोघांचं, आणि तेही ठरावीक गटांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग स्त्रिया, गर्भारपणात वैवाहिक स्थिती बदललेल्या वगैरे. गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं त्यापुढेही. वाद घालायचा तर यावर घाला, कारण प्रत्यक्षात उशिरा येणाऱ्या बायका बहुतेक याच असतात. हौसेनं कोणी चोवीसाव्या आठवड्यात येत नाही.

घोरपडीकर

हे वाचून माझा विरोध सरसकट राहत नाही. अल्पवयीन मुलीबद्दल तर मुळीच नाही. नीट वाचून लिहितो.

तर्कटपंथी

म्हणजे मतपेटीपाशी आपण बहुधा समोरासमोरच. ठीक आहे. निदान कुठे आणि का ते कळलं. कट्ट्यावर यायला आवडेल, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तुमच्या त्या ज्येष्ठांना रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय दाखवलात का?

घोरपडीकर

दाखवला. ते म्हणाले, आता तिसरा वाच.

शनिवारपेठी

तिसऱ्यात काय आहे?

घोरपडीकर

सर्वांनी पाप केलं आहे, भेद नाही. मी म्हटलं, मग तुम्ही-आम्ही आणि तर्कटपंथी एकाच रांगेत. तर म्हणाले, चौथा वाच.

तर्कटपंथी

त्यांनाच इथे आणा. चर्चा रंगेल.

घोरपडीकर

ते फक्त व्हॉट्सॲपवर असतात. पहाटे साडेपाचला वचन पाठवतात आणि कोणी उत्तर दिलं तर वाचत नाहीत.